बुरेकच्या भावाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं, दुकानातली! सर्बियातल्या एका लहानशा गावात ल्युबिशाच्या भट्टीबाहेर मी टांगलेली असते. माझ्यावर एकच गोष्ट लिहितात, बुरेकचा भाव. बुरेक, म्हणजे आत खिमा नाहीतर चीज भरून भट्टीत भाजलेला पापुद्र्यांचा गरम पदार्थ, आणि पेलाभर दही पोटात गेल्याशिवाय आमच्या गावाचे डोळे उघडत नाहीत.

तरुणपणी मला वर्षातून एकदा पुसत. पुढे माझ्यावरच्या आकड्यांना शून्ये फुटू लागली. त्र्याण्णव साली तर ल्युबिशाची बायको देसांका मला दिवसातून तीनदा पुसायची. मी पार झिजले. मला मात्र एकच कोडे पडले होते. पीठ तेच, भट्टी तीच, मग हा आकडा वाढवते तरी कोण?

उत्तर ग्रोझ्दानाबाईंकडून कळले. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, रांगेत उभ्या राहूनही शिकवायच्या. सरकारपाशी पैसा नाही म्हणून राजधानीतली मोठी बँक नोटा छापत सुटली आहे, असे त्या सांगत. नोटा दुप्पट केल्या म्हणून बुरेक दुप्पट होत नाहीत, पाटीवरचा आकडा तेवढा होतो. गिरणीवालाही स्वस्तातले कर्ज काढून भाव आणखी चढेपर्यंत पिठाची पोती दडवून ठेवी. शेवटी लोक अंडी नाहीतर सरपण देऊन बुरेक नेऊ लागले. ल्युबिशाने हाय खाल्ली. भट्टी विकून ऑस्ट्रियात भावाकडे जायचे त्याने ठरवले. चौऱ्याण्णवच्या जानेवारीतल्या शेवटच्या सोमवारी भट्टीचे गिऱ्हाईक येणार होते.

त्याच जानेवारीत बँकेने आमच्या चलनाचा, दिनाराचा, नवा अवतार काढला. एक नवा दिनार म्हणजे एक भक्कम जर्मन मार्क. वाटेल तेवढी छपाई बंद झाली, कर्जही महाग झाले. मग गिरणीवाल्याला पोती दडवणे परवडेना, त्याने ती मुकाट्याने बाजारात आणली. पिठाचा भाव जागचा हलेना. मला फार नवल वाटले.

पण ल्युबिशाचा हात! शुक्रवारी त्याने माझ्यावर 'एक दिनार' लिहिले आणि शनिवारी उजाडताच पुसून 'दीड' केले. तेवढ्यात ग्रोझ्दानाबाई आल्या. पीठ महागले का, असे त्यांनी विचारले. नाही, पण उद्या महागेल, असे तो म्हणाला.

"उद्याच्या भीतीने तू आज वाढवलेस. तुझे बघून खाटीक वाढवेल, खाटकाचे बघून गिरणीवाला. बँकेने छापखाना आवरला रे बाबा. तुझा हात कोण आवरणार?"

देसांका हळूच म्हणाली, "आणि बाई, पुन्हा नोटांची रद्दी झाली तर?"

"तर माझे निवृत्तिवेतनही बुडेल. या महिन्याला नव्या पाचच नोटा मिळाल्यात. तरी मी आज अंडी आणली नाहीत, नोट आणलीय."

सगळी रांग ल्युबिशाकडे बघत होती. मग त्याने मला पुसले आणि पुन्हा 'एक' लिहिले. खरे सांगते, त्या दिवशी मला पुसल्याचे दुःख झाले नाही.

सोमवारी पीठ जुन्याच भावाने आले. पाठोपाठ भट्टीचे गिऱ्हाईक इसाऱ्याचे पैसे घेऊन हजर झाले. ल्युबिशाने त्याला आत बसवले.

"भट्टी द्यायची नाही," तो म्हणाला. "बुरेक खाऊन जा. एक दिनार."

मित्रांनो, मोठी बँक दूर आहे, तिचे दार मी कधी पाहिले नाही. पण खडू तुमच्यापैकीच कुणाच्या तरी हातात असतो. मला पुसायला याल तेव्हा क्षणभर थांबा आणि आधी विचारा, कशासाठी?