कंपनीतून निघाली तशी

मासिक हातात पडलं त्या दिवशी बद्रीनाथने ते चौसाळ्याच्या हॉटेलात उभ्यानेच वाचलं. टेबलावरचा चहा तसाच निवून गेला. पुण्याचं 'जुनी चाकं' हे मासिक जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी लोकांचं. बीड जिल्ह्यातल्या गाड्यांवर त्यांनी अख्खा अंक काढला होता आणि त्यात बद्रीनाथच्या जीपला शेवटच्या पानावर आगपेटीएवढी जागा दिली होती. खाली लिहिलं होतं, 'नव्याने सजवलेली जीप'. मुखपृष्ठावर मात्र भारतची जीप होती. तिच्या पुढच्या बंपरचा फोटो तर आत दोन पानं अडवून बसला होता, आणि त्याखाली छापलं होतं, 'या जीपने गावोगाव फिरून सहकारी साखर कारखाना उभा केला.'

बद्रीनाथच्या मस्तकात तिडीक गेली. कारखाना उभा केला तो त्याच्या वडिलांनी, राधाकिशनरावांनी. भारतच्या वडिलांनी पुढे अध्यक्ष होऊन तो बुडवला. हे तर पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगेल.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर राधाकिशनराव लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन गावोगाव हिंडले होते. त्यांची एक रीत होती. गाव कारखान्यात यायला तयार झालं की जीपसमोर नारळ फुटायचा आणि गावचा लोहार बंपरच्या जाड लोखंडावर छिन्नीने एक घाव घालायचा. घाव घातला म्हणजे गावाने शब्द दिला, कागदावरचे अंगठे मागाहून. उमापूर हे बद्रीनाथच्या आईचं, तुळजाबाईंचं माहेर. तिथल्या लोहाराने एका घावाला चिकटून दुसरा घातला, एक गावाचा आणि एक गावच्या लेकीचा. असा जोडघाव साऱ्या बंपरवर एकच होता.

छापील पानावर तो बद्रीनाथला स्वच्छ दिसला. बंपर त्याच्या बापाचा होता.

तो भारतकडे गेला कसा, तर बद्रीनाथच्याच शहाणपणाने. मासिकवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं, गाडी मूळ रूपात हवी. मूळ रूप म्हणजे कंपनीतून निघाली तशी, असा अर्थ बद्रीनाथने लावला. त्याला एकट्याला काय बोल लावायचा, आपल्याकडे देवाला नवा रंग दिल्याशिवाय जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. त्याने जीप नगरच्या रज्जाक मिस्त्रीकडे नेऊन टाकली. मिस्त्री दोनदा म्हणाला, बंपर राहू द्या. बद्रीनाथ म्हणाला, "काढ ते. उंदरानं कुरतडल्यावानी दिसतंय." नवा कोरा बंपर बसला, जुना भंगारात गेला. काही दिवसांनी भारत आपली जीप घेऊन त्याच मिस्त्रीकडे गेला, कारण जुन्या जीपवर हात बसलेला दुसरा मिस्त्री जवळपास नव्हताच. भारतच्या बापाने सोन्याचं भंगार केलं होतं. लेक उलट्या वाटेचा निघाला, भंगारातला तो बंपर त्याने आपल्या जीपला बसवून घेतला.

आता बोंबलावं तरी कसं? बंपर माझा म्हणावं, तर चारचौघांत आधी कबूल करावं लागणार की बापाची गावं मीच भंगारात टाकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण गप्प बसलं तर बापाचं नाव भारतच्या दारात कायमचं बांधलं जाणार होतं. तेही त्याला सहन होईना.

शेवटी त्याला आईची आठवण झाली. तुळजाबाईंना मोतीबिंदूने दिसत नव्हतं, पण त्या जीपमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अंकाच्या निमित्ताने भारतने आपल्या मळ्यात गाडीवाल्यांचा मेळावा ठेवला होता. तिथे आईने सगळ्यांसमोर आपल्या जीपवर हात ठेवला की झालं, बंपरचं नावही काढायला नको.

त्याने आईला आपल्याच जीपमधून नेलं. वाटेत विचारलं, "वळखलीस ना जीप?"

"लई गुळगुळीत झालीया," तुळजाबाई म्हणाल्या, आणि नव्या रंगाच्या वासाने त्यांनी पदर नाकाला लावला. ते बद्रीनाथने होकार म्हणून घेतलं.

मळ्यात उतरल्या उतरल्या त्यांनी मान वर केली. "हिकडं पाऊस झाला का रं? मातीचा वास येतोय."

"न्हाई आई. गाड्यांवर धूळ बसू नये म्हणून टँकर शिंपडलाय."

माघातच विहिरींनी तळ दाखवला होता आणि त्यांच्या गल्लीत चार दिवसांत टँकर फिरकला नव्हता.

लिंबाखाली गाडीवाले मासिकं उघडून बसले होते. आष्टीचा बंकट आपल्या अँबेसिडरचं पान सगळ्यांना दाखवत होता. "तीन मंत्री फिरले हिच्यात, अन् फोटो छापलाय नुसत्या डिकीचा," तो म्हणाला. "भारत, तुजं बरंय बे. बंपरलाच दोन पानं."

"गाडी बोलती आपली," भारत म्हणाला. "आमच्या दादांनी ह्याच जीपनं कारखाना उभा केला."

बद्रीनाथला राहवलं नाही. "पयलं गाव कोन्तं आलं कारखान्यात, सांग बरं."

"ते बंपरवर हाय की. वाच तूच."

सगळे हसले. पुण्याहून आलेला संपादकही हसला. बद्रीनाथने आईचा हात धरून तिला पुढे आणलं. "मी कशाला वाचू? कारखान्याची जीप कोन्ती ते आईच सांगंल. अध्यक्षीणबाई होती ती."

हसणं थांबलं. भारतच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते पाहून कितीतरी दिवसांनी बद्रीनाथला बरं वाटलं. त्याने आईचा हात आपल्या जीपच्या बॉनेटवर ठेवला. तुळजाबाईंचा हात तिथून खाली बंपरवर गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, पुन्हा माघारी आला.

"हिच्यावर कायबी न्हाई," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथ घाईने म्हणाला, "सीटवर बसून बघ. हारन वाजवून बघ."

"काकू, हिकडं बी बघा," भारत म्हणाला. दोन पावलांवरच त्याची जीप उभी होती. बद्रीनाथने आईचा हात घट्ट धरला, पण सगळे बघत होते. तो सोडावा लागला.

तुळजाबाईंनी भारतच्या जीपचा बंपर चाचपला. बोटं एका घावावरून दुसऱ्यावर सरकू लागली आणि त्या एकेका गावाचं नाव घेऊ लागल्या. त्या गावांतली माणसं आता कोयते घेऊन परमुलखातल्या कारखान्यांचा ऊस तोडायला गेली होती. पण म्हातारी नावं घेत होती ती जणू सगळे दारात उभे असल्यासारखी. मग बोटं एका जागी थांबली.

"उमापूर," त्या म्हणाल्या. "हा गावचा, अन् हा माजा. हीच ह्यांची जीप."

टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढे सरसावला. भारतने वाकून तुळजाबाईंच्या पायाला हात लावला आणि आधार देऊन त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्या आयुष्यभर जिथे बसल्या तिथेच बसल्या, पदर सावरला. चेहऱ्यावर असं समाधान, की कारखान्याला कुलूप लागल्यापासून बद्रीनाथने ते पाहिलं नव्हतं. आपण एक शब्द बोललो तर ते जाईल, हे त्याला कळत होतं.

"बद्री," त्यांनी हाक मारली, "मंग मला बसवून आनलंस ती जीप कुनाची रं?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर वळल्या. भारत खाली मान घालून किल्लीशी चाळा करत होता.

"कंपनीची हाय, आई," बद्रीनाथ म्हणाला.