हिमबिबट्याचा पट्टा

नारीनच्या बाजारात त्या रविवारी मेंढ्यांपेक्षा माणसंच जास्त होती. मधोमध झायिर वैदू पट्टा नाचवत होता.

"कंबरेत हिमबिबट्या, पायांत वारा! यात त्याचे केस विणलेत. बिबट्या कधी घसरलेला पाहिलाय कुणी?"

बिबट्याच कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

गावच्या फुटबॉल संघाचा कप्तान शेरगाझी पुढे झाला. हात पसरून एका पायावर उभा राहिला. झायिरनं त्याच्या एका हातावर जोर दिला, तसा गडी कोलमडला. मग कंबरेला पट्टा चढला, पुन्हा जोर दिला. शेरगाझी जागचा हलला नाही. त्याच्याकडे बघून अख्ख्या संघानं आणि गर्दीतल्या कितीतरी जणांनी पट्टे घेतले.

दवाखान्यात व्यायामोपचार करणाऱ्या आयचुरोकताई संघाकडून पोट, कंबर, पाठीचे व्यायाम करून घेत. शेरगाझीनं त्यांना सर्वांसमोर सुनावलं, "ताई, हे पालथं पडून राहणं आता म्हाताऱ्यांना शिकवा." पोरं खो-खो हसली. व्यायाम सुटले.

थंडी पडायच्या सुमारास एका सामन्यात हेडर मारायला उडालेला संघातला नूरदिन धक्का लागून वेडावाकडा पडला. कंबर धरून विव्हळू लागला. पट्टा जागच्या जागी होता.

शेरगाझीनंच त्याला ताईंकडे नेलं.

"हाड शाबूत आहे, स्नायू दुखावलाय," त्या म्हणाल्या. "व्यायाम केला असता तर पडलाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण तोल सांभाळायला बळ लागतं आणि ते कमवावं लागतं. शेरगाझी, एका पायावर उभा राहा."

त्यांनी हात दाबला, तो पडला. मग कंबरेला ओट्यावरचं फडकं बांधून दाबला. तो पडला नाही.

"काय बदललं?"

"फडकं..."

"नीट आठव. आधी मी कुठे ढकललं?"

"बाहेर." शेरगाझीचा चेहरा उतरला. "नंतर आत. पायाकडे."

"बाहेर ढकललं की कुणीही पडतो. आत दाबलं की भार पायावरच येतो. शिवाय दुसऱ्यांदा तू सावध होतास."

"दादा, मी तुझं बघून पट्टा घेतला रे," खाटेवर पडल्या पडल्या नूरदिन म्हणाला. शेरगाझीला त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या बाजारी झायिरनं त्याला लांबूनच हाक दिली, "या कप्तान, सांगा लोकांना!"

शेरगाझीनं एका खाटकाच्या कंबरेला सुतळी बांधली आणि त्याला एका पायावर उभं करून दोन्ही प्रकारे ढकलून दाखवलं: बाहेर ढकललं तेव्हा तो पडला, आत दाबलं तेव्हा उभाच राहिला. झायिर पट्टे पिशवीत कोंबू लागला.

"यानं मला फसवलं," शेरगाझी खाली मान घालून म्हणाला, "पण तुम्हाला मी फसवलं. ताईंचा अपमानही मीच केला. आता माझ्याही शब्दावर जाऊ नका. घरी जा, एकमेकांना ढकलून बघा, आणि मगच काय ते खरं माना."