उसनी वाळू

पिकअपच्या हौद्यात पाण्याचं पिंप ठेवायची कल्पना रूडी कुबिचेकला सुचली, तेव्हा तो स्वतःवरच इतका खूश झाला की तो कामाला होता त्या धान्यकोठीवर आठवडाभर येईल त्या शेतकऱ्याला त्याने ती ऐकवली. पिकअपचा मागचा भाग हलका. शर्यतीत सुटताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी हलत नाही. म्हणून मागे वजन घालायचं. अमेरिकेतलं सगळं नेब्रास्का राज्य त्यासाठी वाळूच्या पिशव्या टाकतं, हिवाळ्यात बर्फावर टाकतात त्याच. पण रूडीला सगळ्यांसारखं करून कसं चालेल? पाणी फुकट, आणि घरी जाताना ओतून दिलं की झालं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते काही उगीच नाही.

शनिवारी सकाळी त्याची भाची मॅरेन सरावाला सुटली आणि पिंपातलं पाणी एकदम मागे गेलं. दुसऱ्या खेपेला ते डावीकडे गेलं. तिसऱ्या खेपेला झाकणच उडालं आणि सुटायच्या रेघेवर तळं साचलं. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "रूडी, गाडी धुवायची होती तर घरी धुवायचीस की रे!" बाकांवरची माणसं पोट धरून हसली. तपासनिसाने पिंप उतरवायला लावलं आणि शर्यतीची डांबरी पट्टी कोरडी करेपर्यंत सगळ्यांचा खोळंबा झाला.

मॅरेन सोळा वर्षांची. शाळकरी मुलांच्या गटातली तिची ही पहिलीच शर्यत. या गटात सगळ्यात जोरात पळणारा जिंकतो असं नाही. आपली गाडी किती सेकंदांत पल्ला गाठेल ते ज्याने त्याने आधीच पांढऱ्या बूटपॉलिशने काचेवर लिहायचं. दोन-दोन गाड्या पळतात, त्यातल्या हळू गाडीला त्या हिशेबाने आधी सोडतात. मग जो पुढे पोचेल तो जिंकला, पण लिहिल्यापेक्षा लवकर पोचला तर बाद. म्हणजे गाडी दर वेळी तश्शीच सुटायला हवी, चाकांनी दर वेळी जमीन तशीच धरायला हवी. रूडीने भाचीला वचन दिलं होतं, "तू फक्त सुटायच्या दिव्यांकडे बघ. गाडी माझ्यावर सोड." आणि पोरीने सोडली होती. रूडीमामा म्हणतो ते खरं, हे तिने कधी तपासून पाहिलंच नव्हतं.

"मामा, आता काय करायचं?" रिकाम्या हौद्याकडे बघत तिने विचारलं.

"आता काय? मी आहे ना," रूडी म्हणाला. पुढे काय करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या जागेवरून एक बाई कडेवर मूल घ्यावं तशी वाळूची पिशवी घेऊन आली. आर्सेलिया मोंतेस. ती मांसाच्या कारखान्यात कामाला होती आणि तिचा लालो याच गटात पळत होता. रूडी तिला चेहऱ्याने ओळखत होता, एवढंच.

"घ्या. आमच्याकडे सहा आहेत, तीन तुम्हाला."

"अहो, पण लालोचं काय?"

"सकाळी डांबर थंड असतं, त्याचं भागेल तिनांवर. ही दोघं शेवटच्या फेरीत समोरासमोर आलीच, तर तेवढ्या परत आणून द्या. ऊन चढलं की पट्टी गुळगुळीत होते. तेव्हा सहाही लागतील."

"अर्थात! हे काय सांगायला हवं?" रूडी म्हणाला.

या पट्टीवर यात नवल नव्हतं. इथे समोरच्याची गाडी बंद पडली तर आपली बॅटरी काढून देतात आणि मग त्याच्याशीच शर्यत लावतात. उभ्या गाडीला हरवून मिरवणार कोण?

रूडीला काम येत नव्हतं असं मात्र नाही. त्याने पिशव्या मागच्या आसावर बरोबर बसवल्या आणि पट्ट्याने करकचून आवळल्या. मागच्या दोन्ही टायरांमधली हवा सारखी कमी केली. चाकं गरम करताना किती वेळ फिरवायची ते मॅरेनला मोजायला शिकवलं. "रोज एकाच चमच्याने साखर घालतेस ना कॉफीत? तसं. कमी नाही, जास्त नाही." मॅरेन सुटली आणि गाडी सरळ रेषेत निघून गेली. काचेवर लिहिल्यापेक्षा केसभरच जास्त वेळ लागला. पुढच्या फेरीतही तेच.

"मामा, जरासुद्धा घसरली नाही!" ती खिडकीतून ओरडली.

सकाळी हसणारे आता गाडीभोवती जमले. रूडी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना समजावत होता. वजन कुठे ठेवायचं, हवा किती ठेवायची. पिशव्या कुणाच्या ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तरुणपणापासून तो या पट्टीवर पळत आला होता आणि एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता. आज पहिल्यांदा लोक त्याचं ऐकून घेत होते.

लालोही जिंकत होता, पण रडतखडत. एकदा समोरचा बाद झाला म्हणून, एकदा नशिबाने. दुपारी ऊन चढलं, डांबर तापून चकाकायला लागलं, आणि फळ्यावर शेवटची जोडी लागली: मॅरेन आणि लालो.

मॅरेन फळा बघायला गेली होती. आर्सेलिया आली.

"रूडी, त्या पिशव्या?"

रूडीचा हात पट्ट्यावरच होता. खटका दाबायचा, की पट्टा सुटला. पण तीन पिशव्या गेल्या तर गाडी कशी सुटेल? पुन्हा सगळे हसतील. त्याने खटका दाबला नाही.

"अहो, काय सांगू," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅरेन फार घाबरलीय. पहिलीच अंतिम फेरी तिची. म्हणते, मामा, आता गाडीला हातच लावायचा नाही. रडायला आलीय पोरगी."

आर्सेलियाने क्षणभर विचार केला. "बरं, राहू द्या मग. लेकराला कशाला आणखी घाबरवायचं?" आणि ती गेली.

लगोलग मॅरेन आली. "मामा, पिशव्या द्यायच्यात ना काकूंना?"

"त्या राहू द्या म्हणाल्या. लालोला नकोत."

"नक्की?"

"अगं, आत्ताच तर येऊन गेल्या इथे."

एवढं मात्र खरं होतं. खोट्यात चमचाभर खरं घातलं की ते सहज घशाखाली उतरतं. मॅरेनने मान हलवली आणि शिरस्त्राण चढवलं.

तिची गाडी हळू, म्हणून ती आधी सुटली. सुरेख सुटली. रूडीने आरोळी ठोकायला तोंड उघडलं, तोच लालो सुटला. त्याची मागची चाकं तापल्या डांबरावर नुसतीच फिरली. धूर उठला, गाडीचं बूड एका बाजूला गेलं आणि तोंड पट्टीच्या कडेच्या कठड्याकडे वळलं. आर्सेलिया कुंपणाच्या कडेने धावत सुटली. लालोने पेडलवरून पाय काढला, स्टिअरिंग उलटं फिरवलं, आणि गाडी कशीबशी सरळ झाली. गाडी कठड्यावर जाऊ शकते, हे रूडीच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याने फक्त हसणाऱ्या लोकांचा विचार केला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

मॅरेन जिंकली होती आणि लोक त्याची पाठ थोपटत होते. मॅरेन परत आली ती उडी मारूनच गाडीतून उतरली आणि त्याच्या गळ्यात पडली. तिच्या पाठीवर हात ठेवायलाही त्याला लाज वाटली.

आर्सेलिया लालोला घेऊन आली. हरलेल्याने येऊन हात मिळवायचा, ही इथली रीत.

"छान पळालीस गं," ती मॅरेनला म्हणाली. "आणि एवढं घाबरायचं नाही हं. पिशव्या काढू दिल्या असत्यास तरी तू नीटच पळाली असतीस. आमचा लालोही पहिल्या वेळी असाच रडकुंडीला आला होता."

मॅरेनचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मामाकडे वळले. ती बघत राहिली. रूडीच्या हातात हवा मोजायचं मापक होतं, तो त्याचा काटा बघायला लागला. एक वाक्य पुरे होतं: तिने नाही, मी अडवलं. ते जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. चारचौघं उभी होती, लाउडस्पीकरवाला टाळ्या मागत होता.

"हो काकू," शेवटी मॅरेन म्हणाली. "घाबरले होते मी. चुकलं माझं. लालो, सॉरी."

"जाऊ दे गं," लालो म्हणाला. "मला वाटलं, आता थेट मक्याच्या शेतात जाऊन थांबतोय!" तो हसला, आर्सेलियाही हसली, आणि दोघं आपल्या गाडीकडे गेली.

मॅरेनने पट्टा सोडला. पहिली पिशवी ओढून छातीशी धरली.

"दे इकडे, जड आहे ती," रूडी पुढे झाला.

"राहू दे. मी ठेवून घेतल्या होत्या ना? मग मीच देऊन येते."

ती गेली, आली. दुसरी नेली. रूडी हौद्याला धरून उभा होता. आपण या पोरीहून वयाने मोठे आहोत हेच त्याला सहन होत नव्हतं. तिसऱ्या पिशवीला तिने हात घातला तेव्हा तो म्हणाला, "थांब मॅरेन. मी जातो आणि त्यांना खरं काय ते सांगतो. आत्ताच सांगतो."

"आता?" पिशवी कडेवर घेऊन ती थांबली. तिचा आवाज चढला नव्हता. "आता सांगितलंस तर मीपण त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, हेही सांगावं लागेल. मघाशी बोलायचं होतंस, मामा. मी वाट बघितली ना तुझी."

ती निघाली. लाउडस्पीकरवर विजेत्यांच्या फोटोसाठी तिचं नाव आणि त्याच्या मागोमाग मामाचंही नाव पुकारलं जात होतं. पुढे कुंपणापाशी लोक वळून त्याच्याकडे बघत होते आणि हाताने बोलावत होते. रूडीचा पाय काही उचलेना.