मोकळ्या हवेतलं घर

मुलीला मोकळी हवा मिळावी म्हणून नकाशेवाल्याने शहराबाहेर घर घेतलं. हवा मिळाली, बाप मिळेना. तो घरी पोचायचा तेव्हा ती झोपलेली असायची.

“जुन्या दोन खोल्यांत परत जाऊ,” बायको म्हणाली. “तिथे निदान तू जेवायला असायचास.”

“अगं, शहर वाढलं की सगळं जवळ येतं. नकाशा मीच काढलाय. ऑफिससुद्धा इकडेच येईल.”

“तोवर ही सासरी जाईल.”

ऑफिस खरंच हललं. साहेबांनाही मोकळी हवा हवी होती, म्हणून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

हे ऐकून बायको भांडली नाही. तिने त्याच्या पांघरुणाची घडी घालून ती बॅगेत भरली.

“तिकडेच झोपत जा. रविवारी ये, हिची ओळख करून देते.”

त्याने बॅगेची चेन लावली.