गाजरी भिंत

वहिनीने आराखडा केलेलं पहिलंवहिलं वाचनालय बांधून झालं आणि वास्तुरचनेच्या एका मासिकाने त्याचा फोटो मागितला. एकच, आणि आज संध्याकाळपर्यंत. काम अर्थातच घरच्या फोटोवाल्याकडे, म्हणजे तिच्या धाकट्या दिराकडे आलं. त्यानेही ते तोऱ्यात घेतलं. पोट भरायचं ते लग्नांच्या फोटोंवर, पण जीव होता भिंतींवर. भिंती निदान ऐन वेळी डोळे तरी मिटत नाहीत, असं तो म्हणायचा.

फोटो संगणकावर उघडला तेव्हा मात्र वहिनीचा चेहरा पडला. वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी हट्टाने भिंतींना गाजरी रंग लावून घेतला होता. ती भांड भांड भांडली होती आणि हरली होती. फोटोत तोच रंग पुढे पुढे करत होता. त्यात दारातल्या कमानीला खेटून विजेचा खांब.

"हा पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही नुसत्या बसा."

त्याने आधी सगळा रंग काढून टाकला. झालं भलतंच. भिंत आणि आकाश एकाच राखाडीत कालवले गेले. इमारत कुठे संपते तेच कळेना. वहिनीने कपाळाला हात लावला. तो ढिम्म. कृष्णधवल करताना मूळचा एकेक रंग वेगळा उजळता नाहीतर काळवंडता येतो, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. त्याने आकाशाचा निळा खाली दाबला, भिंतीचा नारिंगी वर चढवला. आकाश पाटीसारखं काळं झालं आणि त्यावर भिंत चुन्यासारखी लख्ख उठली.

मग काटछाट. खांब गेला, पण त्याच्याबरोबर कमानही गेली. उरला बाहेरून वळत चढणारा जिना आणि भिंतीवर पडलेली त्याची तिरकी सावली.

"भावजी, नाक कापून चेहरा सुंदर होतो का?"

त्याने कमान परत आणून दाखवली. खांबही आला. पुन्हा काढली. कमान असली की जिन्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, हे त्याने शांतपणे सांगितलं.

वहिनी खुर्ची ओढून जवळ बसली. बघत राहिली. मग त्याच्या हातातून माउस घेऊन तिने वरची कड आणखी खाली आणली. छप्परही कापलं गेलं. एवढं धाडस त्यालाही झालं नसतं.

इतक्यात दादा, म्हणजे तिचा नवरा, मागून डोकावला. म्हणाला, छान आहे, कुठली इमारत?

फोटोवाल्याला वाटलं, संपलं. नवऱ्यालाच ओळखू येत नाही म्हटल्यावर वहिनी आता सगळं मोडीत काढणार.

"मी कागदावर रेखाटली होती, ती," वहिनी म्हणाली. "समितीने रंगवलेली तिकडे उभी आहेच."

भिंतीचा खरा रंग गाजरी आहे, असं फोटोखाली तिने स्वतः लिहिलं आणि पाठवून दिला.