पाळण्यावरचे थरथरणारे पीस

मित्रांनो, मी एक जुने पीस आहे, आणि तेही घुबडाचे. नाक मुरडू नका! आमच्या थंडगार, डोंगराळ नारिन गावात दृष्ट लागू नये म्हणून घुबडाचे पीस पाळण्याला बांधतात. माझ्या कडांना इतकी बारीक लव आहे की वाऱ्याची चाहूल मला सर्वांआधी लागते. स्थिर राहणे मला कधी जमलेच नाही.

तुरसुनाय आजी लहान होत्या तेव्हा मी त्यांच्या टोपीवर नाचले, पुढे त्यांच्या मुलांच्या पाळण्यांवर. मुले मोठी झाली आणि माझी रवानगी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांशेजारी झाली. तिथे हवा हलत नसे. जीव नुसता घुसमटे.

गेल्या हिवाळ्यात नातू एल्दियार जन्मला आणि मला बाहेर काढले. पाळणा खिडकीशी होता. मी रात्रंदिवस थरथरू लागले. शेजारणी म्हणत, "काय जागृत पीस आहे! बघा, कसं राखण करतंय!"

मला मात्र चैन पडेना. बाळाचे हात गार पडत होते, खोकला हटत नव्हता. आजी शेगडीत कोळसा घालून घालून थकल्या. काहीतरी चुकते आहे हे सांगायला माझ्याकडे थरथरण्यापलीकडे काही नव्हते, आणि सगळे त्यालाच शुभ मानत होते.

एका सकाळी आजींची सून, बाळाची आई मेरिम, पाळण्यापाशी थबकली. सासूला ती आपा, म्हणजे आई, म्हणे. "आपा, वारा पडला की हे पीस थांबतं, सुटला की नाचतं. दृष्ट काय वाऱ्याची वेळ बघून येते?"

"शिकलेली सून आणली ना, आता ती वाऱ्याचीही उलटतपासणी घेणार!" आजी म्हणाल्या.

मेरिमने माझी गाठ सोडली.

"अगं, पोर दृष्टीला उघडं पडलं! आधी बांध ते!"

"माझंही पोर आहे ते, आपा. त्याला शेगडीजवळ घेऊन बसा. एवढं बघू द्या."

तिने मला देठाशी धरून खिडकीभोवती सावकाश फिरवले. काचेच्या मधोमध मी जेमतेम हलले. पण चौकट आणि भिंत यांच्या सांध्याशी येताच पार आडवे झाले. आजींनी तिथे बोट धरले.

"अगं बाई, हा वारा आहे की सुरी!"

त्या उठल्या आणि लोकरीचा जुना नमदा घेऊन आल्या. "कात्री आण."

"आपा, हा तुमच्या आईंनी केलेला..."

"ती असती तर तिनेच कापला असता."

दोघींनी नमद्याच्या पट्ट्या फटीत ठासल्या, वरून खळीने कागद चिकटवला. मेरिम खिडकीच्या वरच्या, हवेसाठीच्या छोट्या झडपेलाही कागद लावू लागली, तेव्हा आजींनी तिचा हात धरला. "ती सोड. कोंडलेल्या घरात शेगडीचा वायू माणसाला झोपेतच नेतो."

मला पुन्हा पाळण्यावर बांधले. त्या संध्याकाळी बाहेर वारा नुसता घोंगावत होता आणि मी लोंबत होते, निश्चल. ट्रंकेतली ती घुसमट आठवून मी घाबरले.

"अगंबाई, पीस हलेना! राखण गेली वाटतं," शेजारीण म्हणाली.

"हळू बोल," आजी म्हणाल्या. "पोर झोपलंय."

मित्रांनो, घरातले काही सारखे थरथरत असेल, तर त्याला लगेच शुभ-अशुभ ठरवू नका. आधी जवळ जा, फटीशी हात धरून बघा. मी अजून अस्वस्थच असते. वारा सुटला की बाळ खोकतंय का, याची वाट बघत राहते. मग एल्दियार खोकल्याशिवाय एक लांब श्वास सोडतो आणि त्या श्वासाने तेवढ्यापुरते मी हलते.