समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्च्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. पण दोघांच्या टेबलाशी एकटंच माणूस जेवायला बसतं, तेव्हा त्याच्यासमोर जी रिकामी उरते, ती मी.

एका अबोल सुताराने मला घडवलं. माझी पाठ तासताना तो हळूच शीळ घालायचा. तिथून मी गेले दातांच्या दवाखान्यात. तिथे माझ्यावर माणसं नुसती टेकायची. आतून नाव पुकारलं की गाल धरून उठायची. उठून जाणारा माणूस खुर्चीकडे वळून बघत नाही, हे मी तिथेच शिकले. पुढे डॉक्टरांनी सोफे आणले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडले.

एके दिवशी शेफ आला. टीव्हीवर दिसतो तोच. त्याला आपल्या नव्या हॉटेलासाठी एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या हव्या होत्या. माझी निवड झाली. ‘न जुळणारी’ म्हणून का होईना, कोणाला तरी मी हवी होते!

हॉटेल मोठं गमतीचं. सूप किटलीतून यायचं, कोशिंबीर झाडाच्या कुंडीतून. चमचे डब्यात ठेवलेले, ज्याचा त्याने घ्यायचा. वेटर कॅनव्हासच्या बुटांवर धावायचे आणि पाहुण्यांशी मित्रासारखं बोलायचे. दारात फळा होता: ‘फोटो थंड होत नाहीत, जेवण होतं.’ तरी लोक आधी फोटोच काढायचे.

माझी जागा स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी. गर्दी वाढली की वेटर यायचा. “ही खुर्ची कोणाची आहे का? नेऊ का?” एकटं जेवणारं माणूस मान न उचलता म्हणायचं, “न्या.” मग मी दुसऱ्यांच्या टेबलाशी, त्यांच्या गप्पांच्या कडेला. जेवणं झाली की परत जागेवर.

फक्त एकच बाई ‘न्या’ म्हणायची नाही. ती शेफची आई.

ती दर बुधवारी दुपारी यायची. पर्स मांडीवर ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायची. दार ढकलून शेफ बाहेर यायचा. माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या उभ्याच विचारायचा, “काय आई, कशी आहेस? खरवड आणतो तुझी.”

“आधी बस तर खरा दोन मिनिटं.”

“आलोच!”

आणि दार त्याच्यामागे हलत राहायचं. त्याच्या हाताची ऊब मला चांगली ठाऊक झाली होती. त्याचं वजन मात्र कधी कळलं नाही.

खरवड म्हणजे भाताच्या पातेल्याच्या तळाशी लागलेला करपट थर. तीच या हॉटेलची शान होती. काचेच्या घुमटाखाली, धुरात लपेटून, कुरकुरीत पापडासारखी यायची. नाव होतं ‘आईची खरवड’. टीव्हीवर तो अभिमानाने सांगायचा, “माझ्या आईला जगात सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर ही!”

ताट समोर आलं की आई घुमट उचलायची, धूर जाऊ द्यायची. खरवडीचे तुकडे करायची आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून ते रुमालात बांधून पर्समध्ये टाकायची. मग माझ्याकडे बघून, जणू तोच बसलाय अशी, पुटपुटायची. “दात कुठे राहिलेत रे आता? आणि तेव्हा तरी कुठे आवडायची? तुम्हा पोरांना भात पुरायचा नाही, म्हणून म्हणायचे मला खरवडच आवडते.”

हे त्याला सांगायचं होतं. ऐकत होते मी.

वेटर खुर्ची न्यायला आला की ती पटकन म्हणायची, “राहू दे हो. तो बसणार आहे.”

त्या बुधवारी गर्दी फार होती. मोठ्या टेबलावरच्या मंडळींना एक खुर्ची कमी पडली. वेटर ओशाळत आला. “काकू, जरा वेळ नेली तर चालेल का?”

आईने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“न्या.”

“अहो, पण शेफ बसणार आहेत ना?”

“न्या हो. तिथे तरी कोणी बसेल.”

मला उचललं तेव्हा माझा एक पाय टेबलात अडकला. लाकडाला याहून जास्त विरोध करता येत नाही.

थोड्या वेळाने मोठ्या टेबलाकडे शेफ आला. “शेफ, एक फोटो! बसा ना आमच्यात!” आणि तो बसला. माझ्यावर. आईकडे पाठ करून. किती थकलेलं वजन होतं ते! हसत होता, पण सगळा भार माझ्या पाठीवर टाकून.

फोटो झाला. तो उठून वळला. आईचं टेबल रिकामं होतं. ताटाशेजारी बांधलेला रुमाल होता. ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली, मला नाही सांगता येत.

त्याने गाठ सोडली. तुकडे जसेच्या तसे होते.

दुपारची जेवणं आटोपल्यावर त्याने स्वतः मला जागेवर आणलं, बसला आणि फोन लावला.

“आई, रुमाल राहिलाय तुझा... अगं, त्यात सगळी खरवड आहे... आवडत नाही? लहानपणी तर तू आम्हाला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस!”

आई पलीकडून सांगत गेली, तो ऐकत गेला. खरवडीच्या एका तुकड्यावर बोट फिरवत होता.

“मग तुला आवडतं काय, आई?... माहीत नाही म्हणजे काय?”

आतून आचारी ओरडला, “शेफ, कॅमेरावाले आलेत! खरवडीच्या धुराची तयारी करू?”

“आलोच!” तो म्हणाला. एप्रन काढून माझ्या पाठीवर टाकला आणि स्वयंपाकघराच्या नाही, रस्त्याच्या दाराने निघून गेला.

तेव्हापासून बुधवारी शेफ हॉटेलात नसतो. वेटर सांगतात, आईकडे जेवायला जातो. तिला काय आवडतं, ते दोघं मिळून शोधताहेत म्हणे. मऊ भातापासून सुरुवात झाली आहे.

माझ्या मनासारखं झालं. फक्त ते माझ्यावर बसून झालं नाही. तिथे त्याच्यासाठी दुसरी कुठली तरी खुर्ची असेल. तिला माझा निरोप सांगा, तो थकलेला असतो, नीट धर.

मी अजून इथेच आहे. बुधवारची दुपार मला मोठी वाटते. गर्दी वाढली की वेटर विचारतो, नेऊ का? आणि समोरचं माणूस म्हणतं, “न्या.”

कधी तुम्ही एकटे जेवायला आलात, तर एकदा ‘राहू दे’ म्हणून बघा. कोणी येणार नसलं तरी चालेल. मला ऐकायची सवय आहे.